प्रजनन तिसऱ्या धड्यात, मोबाईल नवव्या धड्यात

घरात दहावीचं विज्ञान भाग २ चं पुस्तक असेल तर जरा काढा. तिसरा धडा, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २. मानवी प्रजननसंस्था आहे, ऋतुचक्र आहे, जुळी मुलं कशी होतात ते आहे, आयव्हीएफ आहे, सरोगसी आहे, वीर्यपेढीसुद्धा आहे. आता मधले पाच धडे ओलांडून नवव्या धड्यावर या, सामाजिक आरोग्य. तिथे मोबाईलचा अतिवापर, सेल्फीचे अपघात, सायबर गुन्हे. मग विज्ञान ठेवा बाजूला आणि इतिहासाचं पुस्तक घ्या, पाचवा धडा प्रसारमाध्यमे आणि इतिहास, तिथे चक्क सांगितलंय की माध्यमांतून आलेली माहिती जशीच्या तशी खरी धरू नका, चिकित्सा करा. म्हणजे शरीर एका धड्यात, मोबाईल दुसऱ्या धड्यात, आणि शंका घ्यायची अक्कल तिसऱ्याच विषयात. शिकवणारे शिक्षक स्टाफरूममध्ये एकाच टेबलावर डबा खातात पण हे तीन धडे काही एकमेकांना भेटत नाहीत.

मी ऐरोलीत नववी-दहावीचे विज्ञानाचे क्लास घेते. मुलं सगळीकडची येतात, माइंडस्पेसमधे आयटीत असलेल्यांची पण आणि दिघा-रबाळ्याच्या चाळीतली पण. काहींकडे स्वतःचा फोन, काहींकडे घरात एकच, तो ताईकडून भांडून घ्यायचा. पण रील सगळ्यांनी तीच बघितलेली असते हे मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटायला लावतं. घरभाड्यात दहापट फरक असेल, फीड मात्र सेम.

तर माझं म्हणणं साधं आहे. मुलांना लिंगभाव आणि लैंगिकता शिकवायची तर आकृतीपासून सुरू करू नका, आणि 'चांगले संस्कार' या लेक्चरपासून तर अजिबात नको. ते रोज जे बघतात तिथून सुरू करा. जाहिरात, रील, सिरीयल, पिक्चर, पॉडकास्टवाला भाऊ, सगळं. हे कोणी बनवलं, कशासाठी बनवलं, पैसे कोणाला मिळाले, कोणाला दाखवलंच नाही, आणि बघून झाल्यावर मला स्वतःबद्दल काय वाटलं. एवढे प्रश्न घेऊन बसलं की शरीर, संमती, समानता हे विषय आपोआप टेबलावर येतात, ओढून आणावे लागत नाहीत.

आता कोणी म्हणेल मुलांना एवढ्यात कशाला. अहो शिकवणी केव्हाच सुरू झालीये, फक्त आपण फी भरत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. २०२४ चा असर या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा रिपोर्ट आहे, तोही फक्त ग्रामीण भागाचा, त्यात १४ ते १६ वयाच्या मुलांत आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं सांगणारी सुमारे ५७ टक्के होती आणि सोशल मीडिया वापरला असं सांगणारी सुमारे ७६ टक्के. ही खेडेगावांची कथा, आपण तर फलाटावर उतरायच्या आधी पुढचं रील लावणारी माणसं.

आणि या शिकवणीतून काय शिकून येतात? तिसरा धडा शिकवताना मी चिठ्ठ्या टाकायचा डबा ठेवते, नाव लिहायचं नाही. धड्याबद्दलचे प्रश्न त्यात जवळपास नसतातच. मुलांचे प्रश्न बघा. उंची एवढीच राहिली तर मुली बघतील का, दाढी कधी येणार, जिमला न जाता बॉडी होते का, रडलं तर कमकुवत समजतात का, ते जे व्हिडिओत दाखवतात तसं सगळ्यांना जमतं का. मुलींचे वेगळे. रंग उजळ होईल का, अंगावर केस आहेत ते नॉर्मल आहे का, नाही म्हटलं आणि त्याने स्क्रीनशॉट टाकला तर काय. सरोगसी कशी होते हे ज्यांना परीक्षेसाठी पाठ आहे त्यांना 'नको' कसं म्हणायचं आणि समोरच्याचं 'नको' कसं ऐकायचं हे कोणी सांगितलेलं नाही. पाच मार्कांना येत नाही ना ते.

मुलग्यांचं मला जास्त टेन्शन येतं, खरं सांगते. मुलींना निदान आई, मावशी, शाळेत सॅनिटरी पॅडवाल्या कंपनीचं सेशन असं काहीतरी मिळतं, अर्धवट का होईना. ते सेशन सुरू झालं की मुलग्यांना ग्राउंडवर पाठवतात. आणि ग्राउंडवर फोन असतो. तिथे कोणीतरी टाईट टीशर्टमधला भाऊ सांगत असतो की मुलींना कसं कंट्रोल करायचं, खरा मर्द कोण, अल्फा कोण आणि बाकीचे कसे पायपुसणे. वय चौदा, गालावर मुरूम, गणितात नापास, घरी बाप बोलत नाही, आणि हा माणूस थेट डोळ्यात बघून सांगतोय की तुझा काही दोष नाही, दोष मुलींचा आहे. ऐकणार नाही तर काय करेल?

गप्प बसायची परंपरा आपल्याकडे जुनी, पण बोलायचीही जुनी आहे हे आपण विसरतो. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं १९२७ ला आणि १९५३ ला वारले तोपर्यंत चालवलं. वाचक लैंगिक प्रश्न पाठवायचे आणि हा माणूस सरळ शब्दांत उत्तरं छापायचा. त्यावरून खटला झाला, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, तरी हरले, दंड झाला. याच महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर विधिमंडळात गदारोळ होऊन बंदी आली, चित्रं आक्षेपार्ह म्हणून. २००७ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पहिला आयफोन पण त्याच वर्षी आला. आपण वर्गातली चित्रं काढून टाकली आणि पुढच्या दहा वर्षांत खिशात अख्खं दुकान आलं.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर झालं, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, छोट्या मुलींवर लैंगिक अत्याचार, तोही शाळेत. रुळांवर लोक उतरले. त्यानंतर सगळीकडे सीसीटीव्ही आणि गुड टच बॅड टचची धांदल. ते हवंच, माझा विरोध नाही. पण त्या वेळी हायकोर्टाने जे सांगितलं ते मात्र फार लवकर विसरलं गेलं, की फक्त मुलींना शिकवून चालणार नाही, मुलग्यांना शिकवा, 'बेटा पढाओ, बेटी बचाओ' असं म्हणायची वेळ आलीये. कॅमेरे टेंडर काढून बसवता येतात. मुलग्यांना काय शिकवायचं त्याचं टेंडर निघत नाही.

आता प्रत्यक्ष करायचं कसं त्यावर येते, कारण या विषयावर भाषणं भरपूर होतात आणि 'तासाला काय करायचं' हे कोणी सांगत नाही.

पहिला तास फोनशिवाय. ठाण्यात राहणाऱ्यांना तर फुकट प्रयोगशाळा आहे, तीनहात नाक्यापासून कासारवडवलीपर्यंत बसने जा आणि होर्डिंग बघत जा. फ्लॅटच्या जाहिराती मोजा. बाबा काय करतोय, आई काय करतेय? बाबा बहुतेक वेळा लांब कुठेतरी बघत असतो, बहुधा ईएमआयकडे, आई मॉड्युलर किचनमधे किंवा बाल्कनीत कॉफीचा मग धरून, मुलगा खांद्यावर. सावळं कुटुंब किती दिसलं? आजी एकटी, दोन बहिणी मिळून, एकटी बाई फ्लॅट घेतेय असं किती ठिकाणी? मग वाढदिवसाचे बॅनर. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे, पण बॅनरवर निवडून आलेली बाई आणि तिच्या नवऱ्याचा फोटो यात मोठा कोणाचा हे पट्टी घेऊन मोजायला सांगा. नवी मुंबईत वेगळं नाही, वाशी ते सीवूड्स तेच. मुलांना हे भारी आवडतं कारण यात लाजायचं काही नसतं, आणि एकदा डोळ्याला सवय लागली की घरी जाऊन नऊच्या सिरीयलला पण तेच प्रश्न विचारतात. मग घरून फोन येतो, मॅडम काय शिकवताय, टीव्ही बघू देत नाही. येऊ दे.

दुसरा तास जाहिरातींचा. पॅडच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं निळं पाणी का ओततात, एवढ्या एका प्रश्नावर अर्धा तास जातो आणि त्यातच पाळीबद्दल जे सांगायचं ते सगळं सांगून होतं, मुलगे बसलेले असताना. फेअर अँड लव्हली १९७५ पासून विकलं गेलं आणि २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. मुलांना विचारा, काय बदललं, कोणाच्या दबावाने बदललं, आणि डब्यावरचा शब्द बदलला म्हणून लग्नाच्या बायोडेटातली 'गोरी' गेली का? २०२२ मध्ये एका डिओड्रंटची जाहिरात आली होती, चार मुलगे, एकटी मुलगी, आणि बलात्काराची भीती हाच विनोद. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती काढायला लावली. मी यावर एकच प्रश्न विचारते, ही टीव्हीवर यायच्या आधी किती जणांनी बघून ओके म्हटलं असेल? लिहिणारा, एजन्सी, कंपनीचे साहेब, कॅमेरावाला, एडिट करणारा, चॅनल. मुलं बोटांवर मोजायला लागतात आणि मग एकदम शांत होतात, कारण एवढ्या मोठ्या माणसांत एकालाही खटकलं नाही हे त्यांच्या लक्षात येतं.

पण सगळंच वाईट दाखवायचं नाही हं, नाहीतर तो पण एक प्रकारचा प्रचार झाला. २०१७ ची विक्सची जाहिरात घ्या, गौरी सावंत आणि त्यांनी वाढवलेली मुलगी. तृतीयपंथी आई. आमच्या मुलांनी तृतीयपंथी व्यक्ती बघितलेली असते फक्त दोन ठिकाणी, सिग्नलला आणि कॉमेडी शोमधे, जिथे पुरुषाने साडी नेसली की परीक्षक खुर्चीतून पडायचं नाटक करतात. तिथून या जाहिरातीवर आलं की काहींच्या डोळ्यात पाणी येतं. बरोबर त्याच वेळी विचारायचं, मग शेवटी विक्स का दिसलं? गौरीताई खऱ्या, त्या सुप्रीम कोर्टातल्या नालसा खटल्यात याचिकाकर्त्या होत्या, २०१४ च्या त्या निकालाने तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर ओळख मिळाली, हे सगळं खरं. आणि कंपनीला विक्स विकायचंय हे पण खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे चौदाव्या वर्षी कळलं तर पुढे बऱ्याच गोष्टी सोप्या जातात.

मग पिक्चर. पिक्चरच्या बाबतीत मी फार कडक आहे. हिरो मुलीच्या मागे कॉलेजपासून घरापर्यंत जातो, ती नाही म्हणते, तो गाणं म्हणतो, ती पुन्हा नाही म्हणते, त्याचे मित्र नाचतात, इंटरव्हलनंतर ती हो म्हणते. हा फॉर्म्युला मराठीत, हिंदीत, साउथच्या डब पिक्चरमधे सगळीकडे. हे थिएटरात शिट्टी वाजवून बघितलेलं असतं घरच्यांसोबत, आईबाबांसोबत, म्हणजे घरच्यांचा शिक्का पण बसलेला. त्यावर फळ्यावर लिहायचं, भारतीय न्याय संहिता कलम ७८. पाठलाग हा गुन्हा आहे, २०१३ पासून आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. ऑनलाईन मागे लागणं पण त्यातच येतं. एखादा मुलगा विचारतोच, मग मॅडम प्रेम करायचं कसं? हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. त्या दिवशी धडा बाजूला ठेवायचा.

पॉर्नचं काय, हे पालक कुजबुजत विचारतात. दाखवायचा प्रश्नच नाही, अठराच्या खालच्या मुलांना असलं काही दाखवायचं नसतं, आणि गरजही नाही. ते बनतं कसं एवढं बोललं तरी पुरे. ते कामावर आलेले लोक असतात, कॅमेरे असतात, लाईट असतात, तासन् तास शूट करून कापून वीस मिनिटं करतात, विचारणं-थांबणं-नको म्हणणं हे कापून टाकतात, काँडोम बहुतेक दिसत नाही, आणि काही व्हिडिओंतली माणसं तिथे मर्जीने आहेत की नाहीत हे बघणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. फायटिंगचा सीन बघून कोणी खऱ्या आयुष्यात गाडीवरून उडी मारत नाही ना, मग हे बघून स्वतःच्या शरीराचं माप का काढतोस. आणि सोबत कायदा सांगायचा, स्पष्ट. वर्गातल्या कोणाचा तसला फोटो फॉरवर्ड करणं, एआयने कोणाचा चेहरा चिकटवणं हा गंमतीचा विषय नाही, आयटी ॲक्टचं कलम ६७ ब आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लहान मुलांचं असं साहित्य जवळ ठेवणं, बघणं यावरही गुन्हा होऊ शकतो. त्याच निकालात कोर्टाने लैंगिक शिक्षणाबद्दलच्या आपल्या गैरसमजांवर पण लिहिलंय. बातमीत अर्थातच पहिला भाग आला, दुसरा नाही.

आता विरोध. पालकांचा नेहमीचा मुद्दा असतो की तुम्ही बोलून सुचवताय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एक कार्यक्रम झाला होता, मोठ्या वयाच्या मुलांनी लहान किशोरांना माध्यमं आणि सेक्स याबद्दल शिकवायचं, त्यावरचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. तास झालेल्या मुलांमधे 'सगळेच करतात' हा समज कमी झाला. म्हणजे बोलल्याने भूक वाढली नाही, उलट आपण एकटेच मागे पडलोय ही धास्ती गेली. आमच्या डब्यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांच्या मुळाशी हीच धास्ती असते. बरं अमेरिकेचं कशाला, आपल्याकडे २००८ पासून मुंबई महापालिकेच्या शाळांत आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टिस या संस्थांनी मिळून सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत लिंगभावाचे तास घेतले होते, घरकाम कोणाचं, मारणं चालतं का, लग्नाचं वय काय, अशा गोष्टींवर. मुलांची मतं सरकली. आकाश कोसळलं नाही.

दुसरा विरोध जास्त हुशार आहे आणि तो मला कोणी बाहेरच्याने नाही, वर्गातल्या मुलांनीच दाखवला. 'प्रश्न विचारा, मीडियावर विश्वास ठेवू नका' हे वाक्य तो पॉडकास्टवाला भाऊ पण म्हणतो! त्याचा तर अख्खा धंदा त्यावर चाललाय, की मीडिया तुम्हाला खोटं सांगतो, मी खरं सांगतो, आणि डिस्क्रिप्शनमधे कोर्सची लिंक. नुसती शंका घ्यायला शिकवली तर मुलगा उद्या अत्याचाराची बातमी पण 'फेक असेल' म्हणून पुढे ढकलेल. म्हणून मीडिया लिटरसी, म्हणजे माध्यमं पारखून बघणं, ही नुसती टेक्निक म्हणून शिकवून भागत नाही. पायाखाली काहीतरी पक्कं लागतं, शरीराची खरी माहिती, कायदा काय म्हणतो, आणि माणूस म्हणून सगळे सारखे हे न डगमगणारं मत. त्या भाऊलाही तेच प्रश्न लावायचे, हा कोण, पैसे कुठून येतात, आपण चिडलो की त्याचा फायदा कसा होतो, अल्गोरिदमला राग का आवडतो. मुलांना आपण गिऱ्हाईक आहोत हे कळलं की जाम चिडतात, त्या चिडण्याचा उपयोग करून घ्यावा.

म्हणूनच तिसरा धडा रद्द करून फक्त जाहिरातींवर गप्पा मारा असं मी म्हणत नाहीये. उलट आकृती नीट शिकवा, लिंगाचं नाव घेताना घसा खाकरू नका, पाळी, स्वप्नदोष, गर्भनिरोधक सगळं सांगा. माध्यमांचा तास हा त्याच्या जोडीचा आहे, त्याच्या बदली नाही. काही शाळांना हा पळवाटेचा रस्ता वाटेल, शरीराबद्दल न बोलता 'मोबाईलचे दुष्परिणाम' असा एक पीपीटी दाखवून मोकळं व्हायचं. तसं करणार असाल तर राहू द्या.

आणि मोबाईल व्हिलन असलेलं लेक्चर ज्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान करतं ती मुलं वर्गात हात वर करत नाहीत. ज्या मुलाला मुलगेच आवडतात किंवा जिला आपण मुलगी आहोत असं वाटतच नाही, त्यांना घरात, शाळेत, सोसायटीच्या गणपतीत, कुठेच आपल्यासारखं कोणी दिसलेलं नसतं, पहिल्यांदा दिसतं ते त्या फोनमधेच. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणून सांगितलं, पण शाळेच्या व्हरांड्यात 'बायल्या' आणि 'छक्का' अजून रोज ऐकू येतं, शिक्षक पण हसतात कधीकधी. २०२१ मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घ्यायचं कसं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि विरोध झाल्याबरोबर वेबसाईटवरून काढून टाकली. अशा वेळी त्या मुलाला 'फोन वाईट, फोन ठेव' सांगणं म्हणजे त्याची एकुलती खिडकी बंद करणं. त्या खिडकीतून चांगली माहिती कुठली आणि सावज शोधणारा माणूस कुठला हे ओळखायला शिकवायचं, ते जास्त कामाचं आहे.

शिक्षकांची भीती वेगळी असते आणि ती खोटी नाही. एखादी मुलगी तासानंतर येऊन काही सांगून गेली तर? पोक्सोचं कलम १९ आहे, कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक, गप्प बसलं तर शिक्षकावर केस. म्हणून बरेच जण तो विषयच काढत नाहीत, न रहे बाँस, न बजे बाँसुरी. माझं मत असं की हे तासाच्या सुरुवातीलाच मुलांना सांगून टाकावं, की तुमच्याशी कोणी वाईट वागलं आणि तुम्ही मला सांगितलं तर मला ते कळवावं लागेल, मी तुमच्या सोबत असेन पण गुपित ठेवू शकणार नाही. आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवायचा. मुलांना स्पष्ट नियम चालतात, फसवणूक चालत नाही.

वेळ नाही ही सबब मात्र मला पटत नाही. केंद्राचा आयुष्मान भारत शाळा आरोग्य कार्यक्रम २०२० मध्ये आला, त्यात अकरा विषय आहेत, लिंगसमानता एक, प्रजनन आरोग्य एक, इंटरनेट-सोशल मीडियाचा सुरक्षित वापर एक. परत वेगवेगळ्या कप्प्यात, पण आहेत! प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक त्यासाठी तयार करायचे असंही त्यात आहे, तुमच्या मुलाच्या शाळेत ते दोघे कोण हे एकदा ऑफिसात विचारून बघा, गंमत येते. नववी-दहावीला स्वविकास व कलारसास्वाद असा श्रेणीचा विषय आहे, त्याच्या तासाला बहुतेक ठिकाणी गणिताचा पोर्शन संपवतात. बाहेरून मदत हवी तर पुरुषांमधे काम करणारी मुंबईची मावा ही संस्था १९९३ पासून आहे, हरीश सदानींची. तिची सुरुवातच पेपरातल्या एका निवेदनातून झाली होती, बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत म्हणून, आणि दोनशेवर पुरुषांनी उत्तर दिलं होतं. आता ते समभाव नावाचा फिरता फिल्म फेस्टिव्हल कॉलेजांमधे नेतात, आधी फिल्म मग गप्पा. हीच पद्धत नववीला उतरवता येते, पंधरा मिनिटांची फिल्म आणि अर्धा तास भांडण.

एक अट मात्र मी सोडणार नाही, मुलंमुली एकत्र बसली पाहिजेत. वेगळे तास घेतले की दोन्हीकडे एकमेकांबद्दलच्या अफवा तशाच राहतात. सुरुवातीचे दोन तास खिदळण्यात जातात, जाऊ द्या, तेवढं बजेट धरायचं.

पालकांना पण यात घ्यायला हवं, आणि सूचना देऊन नाही. पालकसभेत तीच डिओड्रंटची गोष्ट, तेच होर्डिंग, तोच हिरोवाला सीन त्यांच्यापुढे ठेवायचा आणि मुलांना देतो तोच प्रश्नांचा कागद भरायला द्यायचा. आया पटापट लिहितात, त्यांनी हे सगळं ट्रेनमधे, ऑफिसात भोगलेलं असतं. अडचण बाबांची आहे, ते सभेला येतच नाहीत, फी भरायला आले तर आले. त्यामुळे सभा शनिवारी सकाळी नको, रविवारी संध्याकाळी ठेवा, मॅच नसेल असा रविवार बघून, आणि मेसेज 'पालक' या ग्रुपवर टाकण्यापेक्षा प्रत्येक बाबाला वेगळा फोन करा.